चिखलानं जपलेली पायताणं : विंडोलांडाचे तीन दिवस

गणपती यंदा लेकीकडे, इंग्लंडातल्या न्यूकॅसलला. विसर्जन बादलीत झालं, आरत्या मात्र अस्सल कोल्हापुरी आवाजात. अनंत चतुर्दशी उरकली, पितृपंधरवडा लागला आणि जावईबापूंनी तीन दिवसांचा बेत पुढ्यात ठेवला : रोमन बादशहा हेड्रियननं इथं उत्तरेला बांधलेली भिंत आणि तिच्याजवळचा विंडोलांडा हा रोमन किल्ला. सौ. म्हणाली, "पितृपक्षात कुठं बाहेर पडायचं?" लेक म्हणाली, "आई, पितरांकडंच निघालाय की. फक्त दुसऱ्यांच्या." त्यावर कुणाला काही बोलताच आलं नाही.

मी जन्मभर चपलांच्या दुकानात बसलेला माणूस. पन्हाळा उंबऱ्याला असताना दुसऱ्याची तटबंदी बघायला एवढ्या लांब कशाला जायचं, हा माझा प्रामाणिक प्रश्न. पण जावयाला माझी दुखरी नस ठाऊक. "बाबा, तिथं पाच हजारांवर पायताणं निघालीत जमिनीतून. दोन-दोन हजार वर्षांपूर्वीची. चामड्याची." मी बॅग भरायला घेतली.

मंगळवार, ९ सप्टेंबर २०२५ : हेक्सहॅम

न्यूकॅसलहून हेक्सहॅमला रेल्वेनं पाऊण तास. टाइन नदी खिडकीशेजारी पळत असते, पंचगंगेपेक्षा गार आणि गप्प. पोरांना नोकऱ्या, त्यामुळं आम्ही दोघंच. गाव छोटं, मधोमध भलंथोरलं जुनं चर्च. त्याच्या तळघरात उतरलो तर भिंतीचे दगड चक्क रोमन. सातव्या शतकात चर्च बांधताना कुणीतरी जवळच्या ओस पडलेल्या रोमन गावातून गाडे भरून आणलेले. काहींवर कोरीवकाम तसंच. मला हसू आलं. गडाखालच्या वाड्यांच्या जोत्यात गडाचा चिरा नाही असं गाव आपल्याकडं तरी कुठलं?

वर एक स्मृतिशिळा आहे. फ्लेव्हिनस नावाचा रोमन निशाणबारदार, सात वर्षं नोकरी, पंचविसाव्या वर्षी गेला. घोड्यावर बसलाय, डोक्यावर तुरा, आणि घोड्याच्या पायाखाली उघडाबंब केसाळ माणूस चिरडला जातोय. तो स्थानिक ब्रिटन. ज्यांनी आपल्यावर दीडशे वर्षं राज्य केलं त्यांचा पणजोबा असा टापांखाली बघून काय वाटावं, हे मला ठरवता आलं नाही. सौ.ला ठरवता आलं. ती म्हणाली, "बिचारा."

इथून भिंतीच्या बाजूनं एक बस जाते, तिचा नंबरच एडी १२२. हेड्रियनची भिंत इसवी सन १२२ ला सुरू झाली म्हणून. नाव झकास, पण आम्ही थांब्याच्या चुकीच्या बाजूला उभे, आणि ती समोरून निघून गेली. चूक आमचीच. पुढच्या बसपर्यंत बेकरीत बसलो. तिथं 'सिंगिंग हिनी' नावाची मनुका घातलेली जाड पोळी मिळाली. तव्यावर टाकली की चर्र आवाज करते म्हणून 'गाणारी'. लोणी लावून गरम खायची. बस चुकल्याचं दुःख तिथंच संपलं.

(जाणाऱ्यांसाठी : ही बस हंगामी आहे, हिवाळ्यात बंद असते. वेळापत्रक त्याच आठवड्यात तपासा आणि थांब्यावर बस कुठल्या दिशेनं येणार ते आधी कुणाला तरी विचारा. बार्डन मिल हे जवळचं रेल्वे स्टेशन, पण तिथून साधारण तीन किलोमीटर चढाची चाल आहे. गुडघे कुरकुरत असतील तर बसच बरी.)

मुक्काम एका शेतघरात होता. घराची मालकीण साठीची, मेंढ्या पाळणारी. सकाळच्या बीन्स-टोस्टवर सौ.नं कांदा-लसूण चटणी भुरभुरली. बाईंनी कुतूहलानं चमचाभर मागितली. त्यांचा चेहरा आधी लाल झाला, मग त्यांनी अजून अर्धा चमचा घेतला.

बुधवार, १० सप्टेंबर : विंडोलांडा

आधी जागा समजून घेऊ, कारण बरेच जण हिला भिंतीचाच भाग समजतात. तसं नाही. विंडोलांडा भिंतीच्या दक्षिणेला दीड-दोन किलोमीटरवर आहे आणि तिच्यापेक्षा जुनं. इसवी सन ८५ च्या सुमाराला इथं पहिला लाकडी किल्ला झाला. तुकडी बदलली की जुनं पाडायचं, वर चिकणमाती आणि गवताळ ढेकळांचा थर द्यायचा आणि त्यावर नवं बांधायचं. असे एकावर एक नऊ किल्ले. आज दिसतात ते दगडी अवशेष सगळ्यात वरचे. खालचे लाकडी किल्ले काही मीटर खोल, ओल्या काळ्या चिखलात, हवा न लागता बसलेले.

हे सगळं सरकारचं नाही, विंडोलांडा ट्रस्टचं आहे. १९२९ साली एरिक बर्ली या अभ्यासकानं इथलं चेस्टरहोम हे घर आणि भोवतालची जमीन विकत घेतली. पुढं १९७० मध्ये धर्मादाय ट्रस्ट उभा राहिला. डॅफ्नी आर्चिबाल्ड या बाईंनी किल्ल्याची जागा मिळवून ट्रस्टच्या हवाली केली. एरिकचे पुत्र रॉबिन यांनी खोदकाम चालवलं, त्यांच्यामागून नातू अँड्र्यू यांनी. तीन पिढ्या एकाच मातीत. ट्रस्टला दरसाल ठरलेलं सरकारी अनुदान नाही. आपण तिकीट काढतो, त्यांच्या कॅन्टीनमध्ये सूप पितो, त्यावर खोदकाम, डागडुजी आणि संग्रहालय चालतं. हे कळल्यावर मी सूप दोनदा घेतलं. बटाटा आणि लीकचं होतं, मीठ कमी, पण वाऱ्यात अमृत.

पश्चिमेच्या फाटकातून आत गेलं की आधी किल्ल्याबाहेरची वस्ती लागते. रस्ता, दोन्हीकडं दुकानांची जोती, पुढं किल्ल्याचं दार. नुसत्या गुडघाभर भिंती. आमच्यासारख्यांना पहिल्या पाच मिनिटांत वाटतं, एवढंच? मग खोदकामाच्या चराशी पोचलो.

एप्रिल ते सप्टेंबर, सोमवार ते शुक्रवार, पाऊस फार नसेल तर इथं प्रत्यक्ष खोदकाम चालू असतं आणि दोरीपलीकडं उभं राहून ते बघता येतं. खोदणारे बहुतेक स्वयंसेवक. कुठून कुठून येतात, राहण्या-जेवणाचा खर्च स्वतः करतात आणि दोन-दोन आठवडे गुडघ्यावर बसून थापीनं माती खरवडतात. जागा मिळवायला म्हणे अर्ज उघडल्या उघडल्या झुंबड उडते. चरात एक निवृत्त बस ड्रायव्हर होते, बारावं वर्ष त्यांचं. मी विचारलं, आतापर्यंत सगळ्यात भारी काय सापडलं? म्हणाले, "कुंपणाची एक मेख. लाकडी. सुताराच्या तासणीच्या खुणा होत्या तिच्यावर. मी हात लावेपर्यंत तिला दोन हजार वर्षं कुणी हात लावला नव्हता." सोनं-नाणं काढायला येणारा माणूस हा नव्हे.

त्यांनीच सांगितलं की खालच्या थरात जमिनीवर अंथरलेला नेचा कधी कधी हिरवा निघतो आणि हवा लागली की डोळ्यांदेखत काळा पडतो. आम्ही उभे असताना पलीकडच्या कोपऱ्यात एक मुलगी थबकली. तिनं हात वर केला, मोठी बाई आली, दोघी वाकल्या. दहा मिनिटांनी चिखलातून पानासारखं काहीतरी सुटलं. काळं, ओलं, तळहाताएवढं. मुलीनं ते लगेच पाण्याच्या डब्यात ठेवलं आणि डबा आम्हाला दाखवायला दोरीशी आणला.

तळ होता. पायताणाचा तळ, टाचेकडचा अर्धा. कडेनं शिवणीची भोकं, एका रेषेत, सारख्या अंतरानं. मधे बारीक खिळ्यांच्या खुणा. बाहेरची बाजू जास्त झिजलेली, म्हणजे माणूस टाच बाहेर टाकून चालणारा. आमच्याकडं असा गिऱ्हाईक आला की आम्ही न विचारता त्या बाजूला जादा चामडं देतो. तिला एवढं सांगावंसं वाटलं, पण इंग्रजी मधेच अडकलं. मी माझा बूट काढून उलटा केला आणि माझी टाच दाखवली. माझीही बाहेरूनच झिजते. ती खो खो हसली, मग गंभीर झाली, मोठ्या बाईंना बोलावून पुन्हा दाखवायला लावलं. सौ. बाजूला तोंड लपवून उभी. परदेशात चारचौघांत बूट काढलेला नवरा!

चामडं टिकलं कसं, याचं उत्तर आमच्या धंद्यात आहे. कच्चं कातडं ओलीत पडलं की कुजतं. झाडाच्या सालीत कमावलेलं चामडं, ओल राहिली आणि हवा लागली नाही, तर टिकतं. रोमन लोक ओकची साल वापरायचे, आमच्याकडं बाभळीची साल आणि हिरडा. कमावलेल्या चामड्याचा खरा वैरी म्हणजे ओल्याचं कोरडं होणं. म्हणून वस्तू निघाली की ती ओलीच ठेवायची, नंतर प्रयोगशाळेत पाणी बेतानं काढत त्या जागी मेणासारखा पदार्थ भरायचा. मला वाटलं होतं जपणं म्हणजे तेल-पॉलिश. इथं जपणं म्हणजे आधी घाई न करणं.

आणि सगळं खणायचंही नाही. पाऊण जागा अजून मातीखालीच आहे. खोल चर अभ्यास झाला की पुन्हा बुजवतात, दगडी भिंती तेवढ्या चुन्यात पक्क्या करून उघड्या ठेवतात. "याच चालीनं शंभरावर वर्षं पुरेल," ड्रायव्हरकाका म्हणाले, जणू मुरांबा कपाटात ठेवलाय.

तिथून उतारानं खाली ओढ्याकाठी चेस्टरहोमचं घर, बाग आणि संग्रहालय. वाटेत जुन्या रोमन रस्त्याकडेला मैलाचा दगड अजून त्याच्या मूळ जागी पुरुषभर उभा आहे, त्याला चुकवू नका.

संग्रहालयात पायताणांची भिंत आहे. मी तासभर हललो नाही. सैनिकांचे खिळेवाले जड तळ, एकाच कातड्यातून कापून वर दोरीनं आवळलेले मऊ जोड, हमामखान्यातल्या गरम फरशीसाठी लाकडी खडावा, आणि बोटभर लांबीचं बाळाचं पायताण. २०१६ साली एकाच खंदकातून ४२१ निघाली. म्हणजे छावणी उठताना सगळ्यांनी जुनी पायताणं खंदकात फेकली आणि निघून गेले. दुकान हलवताना आम्हीही हेच केलं होतं, माळ्यावरचं काय काय.

एका नाजूक बायकी चपलेच्या तळावर कारागिराचा शिक्का आहे : लुसियस एब्युटियस थेलिस, टायटसचा मुलगा. सोबत द्राक्षाची पानं ठोकलेली. बापाच्या नावासकट! ही चप्पल किल्लेदाराच्या बायकोची, सुल्पिसिया लेपिडिनाची असावी असं मानतात. माल बाहेरून मागवलेला असणार, छावणीतला मोची असले शिक्के मारत नाही.

याच लेपिडिनाला आलेलं एक पत्र जगभर गाजलंय. मार्च १९७३ मध्ये रॉबिन बर्लींना चिखलात लाकडाचे पातळ तुकडे सापडले. रंधा मारल्यावर निघणाऱ्या ढलपीसारखे, पोस्टकार्डाएवढे. दोन चिकटलेले वेगळे केले तर आत शाईची अक्षरं. उजेडात ती पुसट झाली, मग इन्फ्रारेड फोटोंनी वाचली. आजवर अशा सतराशेहून जास्त पट्ट्या निघाल्या. बहुतेक लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये, थोड्या इथं काळोख्या खोलीत. त्या पत्रात शेजारच्या छावणीतली क्लॉडिया सेव्हेरा लेपिडिनाला वाढदिवसाला बोलावते. मजकूर लेखनिकाच्या हातचा, शेवटच्या ओळी मात्र तिच्या स्वतःच्या, वाकड्यातिकड्या. बाईच्या हातचं लॅटिन म्हणून जे सगळ्यात जुनं सापडलंय त्यात हे मोडतं. सौ. पाटी वाचत होती, एकदम माझा दंड धरला. "अहो, ११ सप्टेंबर लिहिलंय. उद्याच की!" मग बराच वेळ ती त्या वाढदिवसाला काय न्यावं याच विचारात असावी.

बाकी पत्रं वाचून तर आपलीच चिठ्ठ्यांची डबी उघडल्यासारखं वाटतं. एक जण बाजारहाट सांगतोय : वीस कोंबड्या, शंभर सफरचंदं पण चांगली मिळाली तरच, आणि शे-दोनशे अंडी, भाव रास्त असेल तर. दुसऱ्याला कुणीतरी मोजे, दोन जोड चपला आणि दोन लंगोट्या पाठवल्यात. एका यादीत गँबॅक्स नावाच्या शिपायानं दोन दिनारांची मिरी घेतल्याची नोंद आहे. मिरी तेव्हा मलबारशिवाय कुठून येणार? इकडं पावसात कुडकुडणाऱ्या शिपायाच्या कालवणात आपल्या किनाऱ्यावरचा दाणा, आणि कोल्हापुरात ब्रह्मपुरीच्या टेकडीवर निघालेली पोसायडनची छोटी कांस्यमूर्ती, जी टाउन हॉलच्या संग्रहालयात मी शाळेच्या सहलीत पाहिली होती. व्यापार म्हणजे काय, हे दुकानदाराला कुणी समजावू नये.

आणि एका टिपणात स्थानिक लोकांना 'ब्रिटुंक्युली' म्हटलंय. क्षुद्र ब्रिटुरडे, असंच काहीसं. मी ते सौ.ला दोनदा वाचून दाखवलं.

(टिपा : किमान पाच तास द्या. मधेच पाऊस येतो, छत्री वाऱ्यानं उलटते, रेनकोट हवा. खोदकाम बघायचं तर शनिवार-रविवार टाळा. मॅग्ना या दुसऱ्या रोमन किल्ल्याजवळचं रोमन आर्मी म्युझियम याच ट्रस्टचं, दोन्हीचं एकत्र तिकीट स्वस्त पडतं. ओढ्याकाठी बारीक चावऱ्या माश्या असतात. संग्रहालयात शेवाळ्याच्या केसांचा एक टोप आहे, तो या माश्यांपासून वाचायलाच केला असावा असा एक तर्क आहे. माझा मानेशी अनुभव त्या तर्काच्या बाजूचा.)

गुरुवार, ११ सप्टेंबर : भिंत, खोड आणि मॅग्ना

रात्रभर कोसळला. सकाळी जरा उघडीप मिळाली तशी भिंतीवर चाललो. कड्यांच्या धारेवरून भिंत वरखाली जाते आणि मधल्या एका खिंडीत तो प्रसिद्ध सिकॅमोर वृक्ष उभा होता. होता. सप्टेंबर २०२३ मध्ये एका रात्री दोघांनी करवतीनं पाडला. आता कुंपणातलं खोड आहे, आणि त्याच्या बुडातून धुमारे फुटलेत, पानं चांगली तळव्याएवढी. आमच्यासोबत चाललेला एक म्हातारा टोपी काढून उभा राहिला. इथं आपण बोलू नये असं वाटून आम्हीही गप्प राहिलो.

दुपारी पुन्हा एडी १२२, आणि या वेळी योग्य बाजूला. उतरलो मॅग्नाला. हा दुसरा किल्ला, ही जागा ट्रस्टनं १९७२ मध्ये घेतली, पण खोदकाम आता आता, २०२३ पासून, लॉटरीतून वारसास्थळांना मिळणाऱ्या निधीवर. पाच वर्षांचं काम. घाईचं कारण विचित्र आहे. इथली दलदल सुकत चाललीय. उन्हाळे कोरडे होतात, पाऊस येतो तेव्हा एकदम येतो, पीटची, म्हणजे दलदलीत साचलेल्या अर्धवट कुजक्या पाल्याची, जमीन आक्रसून खाली बसते, भेगांतून हवा शिरते आणि दोन हजार वर्षं टिकलेलं चामडं-लाकूड खालच्या खाली कुजायला लागतं. ट्रस्टनं जमिनीत संवेदक रोवलेत, ओल आणि तापमान मोजत बसतात. विंडोलांडाला शंभर वर्षांचा धीर आणि इथं ही धावपळ, एकाच संस्थेच्या दोन हातांत.

त्या दिवशी चरांवर ताडपत्री होती, कुणी नव्हतं. वर पावसाची तळी साचलेली. २०२५ च्या मे महिन्यात इथल्या खंदकातून अचाट मोठी पायताणं निघाली, सगळ्यात मोठं ३२.६ सेंटीमीटर. आमच्या दुकानात या मापाचा साचाच नाही. पैलवानांनाही लागला नाही कधी.

म्युझियमच्या खिडकीपाशी चहा घेताना तिथल्या मदतनीस बाईंनी विचारलं, तुमच्याकडं असं काही? जुलैमध्येच पन्हाळ्यासकट बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत आलेत, ही भिंत १९८७ पासून आहे, हे मी ऐटीत सांगितलं. मग म्हणालो, आमची पोरंही रविवारी गडावर जातात, टाक्यांतला गाळ काढतात, झुडपं तोडतात, पदरचे पैसे घालून. बाईंनी विचारलं, गाळात काय सापडतं? मी म्हणालो, प्लॅस्टिकच्या बाटल्या. आणि खाली? ते काही मला सांगता आलं नाही. गाळ निघतो तो थेट दरीत जातो, तो कुणी चाळलेला मी पाहिलेला नाही. चहा संपेस्तोवर मी त्याच विचारात होतो.

परतीला हॉल्टव्हिसलहून रेल्वे. पाऊस पुन्हा सुरू. स्टेशनवर पोचेपर्यंत दोघांचीही पायताणं पाणी पिऊन फुगलेली. गाडीत सौ.नं घड्याळ बघितलं आणि म्हणाली, "आता तिच्याकडं मंडळी जमली असतील." कुणाकडं ते विचारायला लागलं नाही.

न्यूकॅसलला घरी आलो. लेकीनं दारातच बूट काढून घेतले आणि मायेनं गरम रेडिएटरवर नेऊन ठेवले. मी जेवता जेवता उठलो.

"अगं, काढ ते आधी तिथून, तडकतील! आत वर्तमानपत्राचे बोळे घाल आणि सावलीत ठेव."

"बाबा, दोन दिवस लागतील वाळायला."

"लागू देत."